डोरा, सारा, खाट, गेंदा, निरा

आमच्या मॅडम मोठ्या साहेबांना ‘तू’ म्हणायच्या. रागानं नाही आणि सलगीनंही नाही. त्यांना ‘तुम्ही’ येतच नव्हतं. नवऱ्याच्या नोकरीमागे तमिळनाडूतून भंडाऱ्याला आल्या आणि मराठी शिकल्या ती बाजारात मासोळ्या विकणाऱ्या बायांकडून. ज्या मराठीत त्या बायांनी त्यांना मासोळी ताजी असल्याचं पटवून दिलं, त्याच मराठीत मॅडम दवाखान्यातल्या साहेबांकडून सह्या घ्यायच्या. ‘‘तू सही करून दे ना बापा, कायले लटकवून राहिला?’’ साहेब बाहेरगावचे, मोठ्या शहरात शिकलेले, बोलण्यात एक काना इकडचा तिकडे होऊ न देणारे. ते चष्मा पुसायचे आणि सही करायचे. आम्ही बाकीचे फायलीत तोंड घालून हसायचो, आणि सगळ्यांत जास्त मी हसायचे. आज ते आठवलं की स्वतःच्याच मुस्काटात मारावीशी वाटते.

लिंगाचा तर सगळा आनंद होता. ‘माझा अम्मा’, ‘हे बाई’, ‘तुझी डोकं’. कोणी सुधारायला गेलं की म्हणायच्या, ‘‘खुर्ची बाई अन् पंखा बाप्या, हे कोन जाऊन पाहून आलं?’’ सुधारणारा मग पंख्याकडे बघायचा.

दवाखाना एका संस्थेचा होता. आमच्या खोलीवर पाटी होती, ‘स्मृती व बोधन तपासणी कक्ष’. गावातले लोक तिला सरळ येड्याची खोली म्हणायचे. बोधन म्हणजे काय ते मलाही नोकरीला लागल्यावर कळलं, तर त्यांचा काय दोष? विसरायला लागलेली म्हातारी माणसं, लकवा मारून गेलेली, कुठं चक्कर येऊन पडलेली, अशी माणसं आमच्याकडे यायची. त्यांना छापील फॉर्मवरचे प्रश्न विचारायचे, तीसपैकी गुण द्यायचे आणि डोकं किती शाबूत आहे ते लिहून द्यायचं. मॅडम मानसतज्ज्ञ, मी त्यांची सहायक. मी प्रश्न वाचायचे. उत्तर फॉर्मप्रमाणे आलं तर बरोबरची खूण, नाही तर फुली.

त्या फॉर्मवर मॅडमचा भयंकर राग. आमच्या फॉर्मची सुरुवात ‘कृपया’नं व्हायची. ‘कृपया आपले पूर्ण नाव सांगा.’ मी ते वाचलं की मॅडम मान वळवून दाराकडे बघायच्या. ‘‘हे कृपया कोन आला? आत बोलाव न त्याले.’’ समोरचं म्हातारं माणूस पहिल्यांदाच हसायचं, आणि मी चिडायचे, कारण सूचना एकदाच आणि जशीच्या तशी वाचायची असा नियम होता. मॅडम टेबलासमोर कधी बसल्या नाहीत. स्टूल ओढून पेशंटच्या बाजूला बसायच्या, गुडघ्याला गुडघा लावून. चपला दाराबाहेर काढायच्या. विचारलं तर म्हणायच्या, ‘‘कोनाच्या डोक्यात जाऊन राहिलो आपन. चपला घालून जाते का कोनी?’’

त्यांच्याकडे एक जाड वही होती आणि एक हिरवी पेन्सिल. बाजाराच्या दिवशी मासोळीवाल्या बायांमध्ये जाऊन बसायच्या. एकेका शब्दासाठी अर्धा अर्धा तास. ह्याले तुमच्याकडे का म्हणतेत, त्याले का म्हणतेत? वही भरून घरी यायच्या आणि मासोळी घ्यायची विसरून यायच्या. मग दुपारी दवाखान्याच्या मागच्या ओसरीत झाडणाऱ्या बायांसोबत फतकल मारून रोजचाच दहीभात. त्याच हिरव्या पेन्सिलीनं त्या छापील फॉर्मवरचे शब्द खोडायच्या. ‘ऋतू’ खोडला होता, ‘प्राणी’ खोडला होता, ‘पुनरुच्चार करा’ तर असा खोडला होता की कागद फाटला होता. साहेब तो फॉर्म दोन बोटांनी धरून म्हणायचे, ‘‘मॅडम, ही प्रमाणित चाचणी आहे. आपल्याला यात बदल करण्याचा अधिकार नाही.’’ मला साहेबांचं पटायचं. मी मनात म्हणायचे, बाईला धड मराठी येत नाही आणि आम्हाला मराठी शिकवते!

इथं माझं एक सांगून टाकते. मी एकोडीची. साकोली तालुक्यातली एकोडी. माझी आई डोळ्याला डोरा म्हणते, शाळेला सारा म्हणते. आमच्या बोलीत ‘ळ’ नाही. त्याच्या जागी ‘र’. मी कॉलेजात गेले तेव्हा पहिल्याच आठवड्यात एका मास्तरनं मला वर्गात उभं करून ‘काळा कावळा’ म्हणायला लावलं होतं. वर्ग हसला. त्या दिवसापासून मी जी जीभ घासली, ती अशी घासली की नोकरीला लागताना मी नागपूरची म्हणून सांगितलं. कोणाला शंका आली नाही. मला त्याचा अभिमान होता, आणि ही सांगायची गोष्ट नाही पण सांगते.

मॅडमची अम्मा आजारी पडली तेव्हा त्या लांब रजेवर गेल्या. जाताना म्हणाल्या, ‘‘कोनाचा रिपोर्ट घाईनं नको करू. मी येतो.’’ बाई ‘येतो’ म्हणाली म्हणून मी त्याही वेळी हसले, आमच्या गावच्या बायाही ‘येतो’च म्हणतात तरी.

त्या रजेतच भागरताबाई आली. ऑगस्टचा महिना, करडी गावाच्या पलीकडच्या एका खेड्यातली, साठीकडे झुकलेली बाई. गावच्या शाळेत पोरांसाठी भात रांधायची. बरीच वर्षं तेच काम. एका दुपारी चुलीजवळ चक्कर येऊन पडली. पाणी पाजल्यावर उठली आणि उरलेला भात वाढून मगच घरी गेली. पण शाळेच्या समितीत कोणीतरी म्हणालं, बाई विस्तवाजवळ काम करते, पोरांचा मामला आहे, डोकं ठिकाणावर असल्याचं लिहून आणा. म्हणून ती आली होती. हातात समितीचं पत्र, डोक्यावरून पदर, निळी किनार असलेलं पांढरं लुगडं. लुगडं ठेवणीतलं होतं, घड्या मोडलेल्या दिसत होत्या.

मी वाचलं, ‘‘कृपया सांगा, सध्या कोणता ऋतू चालू आहे?’’

ती म्हणाली, ‘‘रोवना.’’

रोवणा म्हणजे धानाची लावणी. आमच्या भागात त्या दिवसांत दुसरं काही चालूच नसतं. बांधीबांधीत बाया वाकलेल्या असतात. पण फॉर्मवर उत्तर होतं ‘पावसाळा’. मी फुली मारली.

मग पाच शब्द. ऐका, लक्षात ठेवा, थोड्या वेळानं विचारीन. डोळा, शाळा, पलंग, झेंडू, निळा. तिनं डोळे मिटून ऐकले. मध्ये दुसरे प्रश्न झाले. ‘‘एका मिनिटात जास्तीत जास्त प्राण्यांची नावे सांगा.’’ तिनं विचारलं, ‘‘परानी म्हंजे सप्पाच का जी? मानसंबी?’’ मी घड्याळाकडे बोट केलं. सूचना एकदाच. घड्याळ चालू होतं. ती बिचारी घाबरून सांगायला लागली, ‘‘मी, माहा पोरगा, माही सून, दोन नाती, बकरी, बकरीचे पिल्लं, सेजारचा म्हातारा…’’ मिनिट संपलं. बकरीचा एक गुण दिला. पिल्लं तर बकरीतच आली.

मग मी म्हटलं, आता मघाचे पाच शब्द सांगा. ती एका दमात म्हणाली, ‘‘डोरा, सारा, खाट, गेंदा, निरा.’’

पाचही मला कळले. पाचही मी चूक केले. चांगल्या अक्षरात पाच फुल्या मारल्या. उच्चाराच्या रकान्यात ‘सदोष’ लिहिलं. बेरीज तेरा झाली. साहेबांनी त्यावर सही केली, ‘बौद्धिक क्षमतेत लक्षणीय घट, विस्तवाजवळील कामास अयोग्य’. भागरताबाईनं कागद हातात घेऊन विचारलं, ‘‘पास झाली न बाई मी?’’ मी म्हटलं, ‘‘शाळेत दाखवा, ते सांगतील.’’ एवढंही तिच्या तोंडावर सांगायची माझी हिंमत झाली नाही. नागपूरच्या बाईची!

मॅडम परत आल्या त्या मार्चमध्ये. वाळून आल्या होत्या. आल्या आल्या मला समोर बसवलं आणि अम्माची गोष्ट सांगितली. तिथल्या एका मोठ्या दवाखान्यात एका कोवळ्या डॉक्टरनं अम्माची अशीच परीक्षा घेतली होती. तमिळमध्येच घेतली, पण पुस्तकातल्या तमिळमध्ये. मॅडम म्हणाल्या, त्यांच्याकडे लिहायची भाषा एक आणि बोलायची दुसरी. पाचाला कागदावर ‘ऐन्दु’ लिहितात, पण तोंडात येतं ‘अंजु’. घरात कोणी ‘ऐन्दु’ म्हणत नाही. ‘‘माझा अम्माले वाटलं, बातम्यावाला समोर येऊन बसला. पदर नीट केला तिनं.’’ डॉक्टरनं एक लांब वाक्य वाचलं आणि जसंच्या तसं म्हणायला सांगितलं. अम्मानं सगळं वाक्य म्हटलं, एक गोष्ट सोडली नाही, फक्त बोलायच्या भाषेत म्हटलं. शून्य गुण. तिथून अम्माच्या हातून पूजेच्या खोलीची किल्ली काढून घेतली घरच्यांनी. ‘‘आपल्या खोलीत असं नाही होऊ देनार मी,’’ त्या म्हणाल्या आणि मागचे रिपोर्ट बघायला लागल्या.

मी तिथंच बसून होते. भागरताबाईचा फॉर्म कितवा आहे ते मला माहीत होतं.

तो आला. मॅडमनी वाचला. माझ्या अक्षरात उत्तरंही लिहिलेली होती, कारण मी काम चोख करत असे.

‘‘डोरा म्हंजे का?’’

‘‘डोळा.’’

‘‘सारा?’’

‘‘शाळा.’’

‘‘निरा?’’

‘‘निळा.’’

‘‘तुले मालूम होतं?’’

‘‘हो.’’

‘‘मंग फुली काहून?’’

‘‘फॉर्मवर डोळा लिहिलं आहे, मॅडम.’’

त्यानंतर त्या दोन मिनिटं तमिळमध्ये ओरडल्या. अक्षर कळलं नाही आणि सगळं कळलं. बाहेरच्या बाकावरचे पेशंट उठून उभे राहिले. मग एकदम आवाज खाली आणून मराठीत म्हणाल्या, ‘‘तू फोनवर आईले का पुसते? ‘डोरे दुखून राहिले का वो माय’ पुसते. मी ऐकला हाये. तीन वर्सांपासून ऐकून राहिली. कोनाले सांगतलं नाही.’’

मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. पण खरं सांगते, त्या क्षणी मला भागरताबाईची लाज वाटली नव्हती. आपलं पितळ उघडं पडलं याचीच वाटली होती. माणूस इतका खाली जाऊ शकतो.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी एसटीनं गेलो. भागरताबाई दारात बसून तांदूळ निवडत होती. तिनं मला ओळखलं आणि सूप बाजूला ठेवून उभी राहिली, साहेब आल्यावर राहतात तशी. चहा सुनेनं केला. मॅडम म्हणाल्या, तू कर ना चहा, तुझा हाताचा पिऊ. भागरताबाईनं सुनेकडे बघितलं. सून अवघडून म्हणाली, ‘‘आमी त्यायच्या हाती माचीस देत नाई जी. दवाखान्यानंच लिवून देल्लं न.’’ शंभर-सव्वाशे पोरांचा भात एकटीनं उतरवणारी बाई, आणि तिच्या घरात माचीस डब्यात कुलूप लावून ठेवलेली! गावातली पोरं, ज्यांना तिनं रोज वाढलं, ती आता लांबून ‘येडी आजी’ म्हणत होती. मॅडमनी चहा घेतला नाही. मी कप तसाच खाली ठेवला.

तिथंच अंगणात मॅडमनी तिला आपल्या बाजारच्या भाषेत परानी म्हणजे काय ते विचारलं. भागरताबाई म्हणाली, ‘‘आमच्या विहारात सांगतेत न जी, मानूसबी परानीच होय, त्याले दुखवू नये. मंग मी घरच्यायपासून सुरू केलं.’’ मॅडम माझ्याकडे वळल्या, ‘‘लिहून घे.’’ मी लिहून घेतलं.

साहेबांसमोर जे झालं ते आठवून अजून माझं डोकं फिरतं. साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांचं म्हणणं अगदीच खोटं होतं असंही नाही. ते म्हणाले, ‘‘सगळ्यांना एकच माप लावायचं, म्हणून चाचणी प्रमाणित असते. प्रत्येकासाठी शब्द बदलले तर तुलना कशाशी करणार?’’ मॅडम म्हणाल्या, ‘‘पायलीनं धान मोजते बापा. तू पायलीनं कपडा मोजून राहिला अन् म्हनते कपडा कमी हाये.’’ साहेबांनी चाचणीची पुस्तिका काढून दाखवली. तिच्यात लिहिलं होतं, चाचणी रुग्णाच्या मातृभाषेत घ्यावी. ‘‘मातृभाषा मराठी. चाचणी मराठीत. विषय संपला.’’

मॅडम भागरताबाईचा फॉर्म उचलून उभ्या राहिल्या. ‘‘हिचा माय असं नाही बोलत होता!’’

दाराशी उभा असलेला शिपाई फिसकन हसला. हिचा माय! साहेबांच्याही ओठांच्या कडा हलल्या. त्या बाईनं इतकं खरं वाक्य म्हटलं होतं आणि ह्या लोकांना त्यातलं लिंग दिसत होतं! मला आयुष्यात पहिल्यांदा शिपायाच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. तीन वर्षं मीही तशीच हसत आले होते, म्हणून जास्तच.

साहेब शेवटी म्हणाले, ‘‘ठीक आहे. माझ्यासमोर पुन्हा घ्या. पण बोली नीट येणाऱ्या माणसानं घ्यावी. मॅडम, तुमचे उच्चार मी मान्य करणार नाही.’’ मॅडम म्हणाल्या, ‘‘बरोबर हाये. माझा डोरा बी खोटा.’’ आणि माझ्याकडे बघितलं. गाव माझं होतं, ते मलाच सांगायचं होतं. मी म्हटलं, ‘‘मी घेते.’’ साहेब म्हणाले, ‘‘तुम्ही? तुम्ही तर नागपूरच्या.’’ मी पुन्हा म्हटलं, ‘‘मी घेते.’’

ह्याचं पुढं काय झालं ते आधी सांगते, म्हणजे कोणी गोड शेवटाची वाट बघणार नाही. भागरताबाईला चांगलं पत्र मिळालं. साहेबांनी ‘विशेष बाब’ असा शेरा मारून सही केली. फॉर्म बदलला नाही, अजूनही तोच आहे. पत्र घेऊन ती शाळेत गेली तर तिच्या जागी दुसरी बाई लागून महिने झाले होते. जागा निघाली की कळवू म्हणाले. अजून कळवलेलं नाही. मॅडम पुढच्या वर्षी नोकरी सोडून अम्माजवळ गेल्या. वही मात्र मला देऊन गेल्या. वहीत पहिल्या पानावर साहेबांचा नंबर, त्यापुढे ‘तू’ असं लिहून खोडलेलं, मग ‘तुम्ही’ लिहून तेही खोडलेलं. प्रयत्न केला होता बिचारीनं.

तर तो दिवस. एप्रिलचं ऊन, पंखा करकरत होता. भागरताबाई पुन्हा तेच ठेवणीतलं लुगडं नेसून आली होती. साहेब हातात घड्याळ घेऊन बसले. मॅडमनी चपला बाहेर काढल्या, म्हणून मीही काढल्या. स्टूल ओढून मी तिच्या बाजूला बसले. घरच्या फोनशिवाय ती भाषा इतक्या वर्षांत तोंडातून काढली नव्हती; साहेबांसमोर तर कधीच नाही.

‘‘मावशे,’’ मी म्हटलं, ‘‘पाच सबूद सांगतो. थोड्या वेरानं पुसीन, ध्यानात ठेवजो.’’

तिनं चमकून माझ्याकडे बघितलं. मग नीट बसली.

मी सांगितले, तिनं ऐकले. कोनता मोसम चालू हाये, तर ‘‘उनारा. मोहफुलं वेचाचे दिस सरले आता.’’ जनावरं, पाखरं, मासोऱ्या, जे आठवंल ते सांग म्हटलं आणि ती जी सुटली! गाय, बैल, हेला, डुक्कर, कोल्हा, तितूर, लावा, बगरा, झिंगे, रोहू, कतला. मिनिट कधीच होऊन गेलं होतं. साहेब घड्याळ बघायचं विसरून ऐकत होते. पाच शब्द विचारले तर तिनं पाचही सांगितले आणि वरून विचारलं, ‘‘उलटे सांगू का?’’ बेरीज अठ्ठावीस झाली. मॅडमनी हिरव्या पेन्सिलीनं तो आकडा एवढा मोठा लिहिला की खालच्या रकान्यात गेला. साहेबांची सही झाली. भागरताबाईनं कागदाची घडी करून कमरेला खोचली, मॅडमचे हात धरले आणि निघाली.

दाराशी जाऊन वळली. ‘‘तू कोनत्या गावची वो?’’

साहेब समोरच बसले होते.

‘‘एकोडीची,’’ मी म्हटलं.

‘‘अव माय, एकोडीची! आपलीच त होय तू!’’ ती खुलून हसली. मग हसता हसता थांबली आणि माझ्याकडे बघत राहिली. ‘‘मंग त्या दिवसी काहून नाई बोलली वो अशी? मी त आठ महिने येडी म्हनून घरी बसली.’’